बसऱ्याला गेलेला धाकला : नावाचा शोध

वळचण
मंडळी, सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र आहे. आज मुद्दाम लॉगिन होऊन धागा काढतोय, कारण घरात आता विचारायला फार माणसं उरली नाहीत.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, माणदेशाच्या कडेला. माझ्या पणजोबांचा सख्खा धाकटा भाऊ पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर 'बसऱ्याला' गेला तो परत आला नाही. घरात त्याला सगळे 'धाकला' म्हणतात. सर्वपित्रीला एक पान धाकल्याचं वाढतात, त्यावर गुळाचा खडा जरा मोठा ठेवतात, कारण त्याला गूळ आवडायचा म्हणे. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या पोराची गुळाची आवड घराला ठाऊक आहे. नाव ठाऊक नाही! बाबांना माहीत नाही, काकांना माहीत नाही. कुळकायद्याच्या वेळचे कागद काढून बघितले, त्यात तो कुठेच नाही.

जे माहीत आहे ते एवढंच. भरती झाला तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा. नुकतं लग्न झालेलं. 'तुर्कांनी धरला' एवढी बातमी गावात आली, ती कशी आली ते कळत नाही. त्याची बायको, म्हणजे आमची धाकली आजी, १९६१ सालापर्यंत होती. तिने शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. "धरलाय म्हणाले. मेला असं कोण म्हणालं?" हे तिचं वाक्य माझी थोरली आत्या (वय ८६) अजून तिच्या आवाजात म्हणून दाखवते. विधवा म्हणून अंगठा उठवावा लागेल म्हणून ती पेन्शनीसाठी मामलेदार कचेरीत कधी गेलीच नाही.

गावच्या चावडीच्या भिंतीत एक शिळा आहे. या गावातून इतके लोक लढाईला गेले, पैकी इतके मेले, असं इंग्रजीत कोरलंय आणि खाली मराठीत. दर पंधरा ऑगस्टला कुणीतरी उत्साहाने तिला ऑइल पेंट फासतं. आता आकडे इतके बुजलेत की मेलेल्यांचा आकडा इंग्रजी तीन आहे की आठ, तेच कळत नाही. मराठी ओळ तर पार गेली.

अशा माणसाचं नाव कुठे मिळू शकेल? पलटण कोणती तेही माहीत नाही.

लिमलेट
वाचतेय. धाकल्या आजीचं वाचून कसंसंच झालं.

कोयनाकाठ
आमच्या भागात 'बसऱ्याला गेला' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. साताऱ्याजवळचं अपशिंगे तर 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं, एकट्या त्या गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. माझ्या आजोळीही असा एक जण आहे, पण त्याचं निदान नाव आहे.

पलटणकर
वळचण, तुमच्याकडची 'तुर्कांनी धरला' ही तीन अक्षरं... बरं, दोन शब्द, फार मोलाचे आहेत. त्यावरून शोध बराच आटोपशीर होतो. सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मराठे तुर्कांच्या हाती मोठ्या संख्येने एकदाच लागले, ते कूतला. पुण्याचं ६वं डिव्हिजन, ज्याला सरकारी कागदांत 'पूना डिव्हिजन' म्हणतात, १९१४च्या नोव्हेंबरपासून बसऱ्याकडे उतरायला लागलं. त्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या, शिवाय खडकीचे बॉम्बे सॅपर्स, म्हणजे पूल-खंदकांची कामं करणारे. सेनापती टाउनशेंड. पहिलं वर्ष सगळं सोपं गेलं, टायग्रिसच्या काठाने वर वर जात राहिले आणि बगदाद घेण्याची हाव सुटली. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांनी रोखलं. तिथून माघार घेत ३ डिसेंबरला कूत गाठलं. कूत म्हणजे नदीच्या वळणात अडकलेलं मातीच्या घरांचं गाव, तीन बाजूंना पाणी. चार दिवसांत तुर्कांनी चौथी बाजू बंद केली.

वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला खालून आलेल्या फौजेचीच सुमारे २३,००० माणसं पडली किंवा जायबंदी झाली आणि तरी कूत सुटलं नाही. आत धान्य संपत गेलं. घोडे, खेचरं कापायला लागले. गोऱ्या शिपायांनी ते खाल्लं, आपल्या लोकांनी कित्येक आठवडे हात लावला नाही. धर्ममार्तंडांकडून 'चालेल' अशा तारा मागवल्या गेल्या, तरी नाही. गावी कळलं तर पंगतीत कोण घेईल, ही भीती. मग हिरड्या सुजून दात हलायला लागले, जुन्या जखमा पुन्हा उघडायला लागल्या. हा स्कर्व्ही. एप्रिलमध्ये विमानातून पिठाची पोती टाकली, त्यातली काही नदीत पडली. 'जुल्नार' नावाची आगबोट २४ एप्रिलला रात्री धान्य घेऊन निघाली, ती तुर्कांच्या हाती लागली. पैसे देऊन फौज सोडवायचाही प्रयत्न झाला, आधी दहा लाख पौंड, मग वीस लाख. तुर्कांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. साधारण १३,००० माणसं कैद, त्यातली बहुसंख्य हिंदी.

आता पुढचं. कैद्यांना आधी शुमरानला नेलं. तिथे खायला तुर्की फौजेची बिस्किटं दिली, विटेसारखी टणक. उपाशी माणसांनी ती तशीच खाल्ली आणि पहिल्या काही दिवसांतच पटापट मेली. अधिकाऱ्यांना बोटीने पाठवलं, शिपायांना पायी. कूत ते बगदाद पायी, बगदाद ते सामर्रा आगगाडी, आणि सामर्र्यापासून तिक्रित, मोसूल, नुसैबीन करत रास-अल-ऐनपर्यंत पुन्हा पायी. पाचशेहून जास्त किलोमीटर, मे-जूनच्या उन्हात. बूट आणि पाण्याच्या बाटल्या वाटेत पहारेकऱ्यांनी काढून घेतल्या किंवा कैद्यांनीच भाकरीच्या तुकड्यासाठी विकल्या. जो बसला तो राहिला.

रास-अल-ऐनला बर्लिन-बगदाद रेल्वेचं काम चाललं होतं. हिंदी कैदी मोठ्या संख्येने त्या कामाला जुंपले. आज तो रूळ म्हणजेच तुर्कस्तान आणि सीरियाची हद्द आहे.

आणि एक गोष्ट राग येतो म्हणून सांगतो. टाउनशेंड साहेबांना तुर्कांनी इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला दिला. कैदेत असतानाच त्यांना 'सर' किताब मिळाला. त्यांचा कुत्रा स्पॉट, त्याला तुर्कांच्या परवानगीने बसऱ्याला परत पाठवलं आणि तो सुखरूप विलायतेला पोचला.

वळचण
पलटणकर, दोनदा वाचलं. आत्याला फोनवर वाचून दाखवलं. ती घोड्याच्या मांसापाशी थांबव म्हणाली.

लिमलेट
कुत्रा पोचला. ठीक.

अक्षरमित्र
कूतच्या कैद्यांत बंगाली मंडळीही होती. कल्याण मुखर्जी नावाचे सैन्यातले तरुण डॉक्टर १९१७ साली रास-अल-ऐनलाच तापाने गेले. त्यांच्या ऐंशीच्या घरातल्या आजीने नातवाची पत्रं जुळवून त्यांचं अख्खं चरित्र लिहून छापलं. अँब्युलन्स कोअरमधल्या दुसऱ्या एका बंगाली तरुणाने कैदेत रोजनिशी ठेवली, पानं फाडून बुटात लपवून आणली.

आपल्या शिपायांनी असं काही लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. सातारा-रत्नागिरीची ही पोरं, बहुतेक निरक्षर. पत्र लिहायचं तर पलटणीतल्या कारकुनाला सांगायचं, आणि घरी आलेलं पत्र वाचून घ्यायचं ते मास्तरांकडून नाहीतर पोलीस पाटलाकडून. नवरा-बायकोत चार शब्द जायचे तेही दोन परक्या पुरुषांच्या तोंडून.

खडूस
भावना समजल्या. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. परक्या राजासाठी, परक्या मुलखात, ज्यांनी आपलं काही वाकडं केलं नव्हतं अशा लोकांशी लढायला हे गेले. तेलाच्या विहिरी राखायला! ह्यांना हुतात्मा म्हणायचं का?

वळचण
हुतात्मा मी कुठे म्हटलंय? नाव विचारलंय.

कोयनाकाठ
खडूस, शिपायाचा पगार महिना अकरा रुपये होता. प्लेग नुकताच गावंच्या गावं झोपवून गेलेला, माणदेशात पाऊस हा प्रकार तेव्हाही आत्तासारखाच. अकरा रुपयांची मनीऑर्डर ज्या घरात येत होती त्या घराला विचारा परकं काय नि आपलं काय. आणि १९१८ साली खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव पायपीट करत होते, तेव्हा अठरा वर्षांच्या पोराकडून किती राजकारण समजायची अपेक्षा धरायची?

खडूस
मान्य. मुद्दा मागे घेत नाही, पण बाजूला ठेवतो.

शिळेबद्दल मात्र माझं ऐका, शिलालेखांच्या नादात वीस वर्षं घालवलीत. त्या शिळेला ॲसिड, तारेचा ब्रश, सॅंडपेपर काहीही लावू नका. पेंट काढायलाही जाऊ नका. रात्री अंधार पडल्यावर जा. मोबाइलचा टॉर्च शिळेला जवळजवळ चिकटवून एका बाजूने आडवा मारा, समोरून नाही. मग बाजू बदला. खोदलेल्या रेषेत पेंट भरलेला असला तरी तिथे किंचित खोलगट भाग राहतो, त्याची सावली पडते. तीनचं डावं अंग उघडं असतं, आठचं बंद. त्यामुळे डावीकडून नीट बघा. फोटो इथे टाका.

एक अनिवासी
अवांतर होईल, पण विषय कैदेत गेलेल्यांचा आहे म्हणून. माझे आजोबा 'काळी पाचवी'त होते, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन. जून १९४२मध्ये लिबियातल्या टोब्रुकला जर्मनांचा पहिला घाव ह्यांच्याच मोर्च्यावर बसला आणि दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं, तेहेतीस हजारांच्या आसपास माणसं कैद. आजोबा इटलीत कैदेत होते. लंडनहून हिंदी कैद्यांसाठी वेगळी पार्सलं यायची, आटा, डाळ, मसाल्याची पूड असलेली. घरी परत आल्यावर ते आयुष्यभर कुठल्याही पुडक्याची सुतळी टाकत नसत. गुंडाळून फळीवर ठेवत. ते गेल्यावर फळीवरून सुतळीची चार गाठोडी निघाली.

त्यांच्याबरोबर पकडलेला शेजारच्या गावचा एक पोरगा कॅम्पात आजारी पडून गेला. युद्धानंतर आजोबा त्याच्या आईला भेटायला गेले, आणि तिने त्यांना जेवायला वाढून एकच विचारलं, "तू कसा काय आलास?" ते पुन्हा त्या गावाला कधी गेले नाहीत. तालुक्याला जायचा रस्ता त्या गावातून होता, तरी लांबून जायचे.

लिमलेट
बाप रे.

आमच्या माहेरी तांदळाच्या डब्यावर एक जड काळपट ताटली झाकण म्हणून होती. तिच्यावर सिंह आणि त्रिशूळ घेतलेली बाई. मी लहानपणी तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासून सिंह उमटवायचे. खूप वर्षांनी कळलं की ती महायुद्धात मेलेल्यांच्या घरी पाठवलेली ताटली आहे आणि कडेच्या चौकटीतली अक्षरं म्हणजे आमच्या कुणाचं तरी नाव. वळचण, तुमच्याकडे तसं काही आहे का बघा.

वळचण
ताटली नाही. चांदीची बिल्ला-मेडलं होती असं बाबा म्हणतात, ती बहात्तरच्या दुष्काळात मोडली.

देव्हाऱ्यात मात्र एक गोल नाणं आहे, पितळेसारखं, वर कडी. त्यावर पंखवाली देवी. ती कुठली देवी हे कुणालाच ठाऊक नाही, पण धाकल्या आजीने देव्हाऱ्यात ठेवली म्हणून अजून रोज पूजा होते. तुम्ही म्हणता तशी ती नाही, ही लहान आहे, जुन्या रुपयाहून थोडी मोठी.

पलटणकर
वळचण!!!

ती देवी नाही हो. तो व्हिक्टरी मेडल आहे. पंखवाली बाई म्हणजे त्यांची विजयाची मूर्ती, मागच्या बाजूला '१९१४-१९१९' असं इंग्रजीत दिसेल. आणि त्याच्या कडेवर, म्हणजे नाण्याला जिथे आरे असतात त्या जागी, ठोकलेली अक्षरं असतात: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. जगातला प्रत्येक मेडल वेगळा असतो तो त्या कडेमुळे.

आत्ताच्या आत्ता बघा. आणि कृपा करून चिंच-मीठ लावू नका!

वळचण
मी पुण्यात, देव्हारा गावी. शनिवारी जातो.

(कडेवर काही दिसल्याचं आठवत नाही. तिच्यावर कुंकवाचं पूट चढलंय, जाड, मेणासारखं.)

अक्षरमित्र
धागा वाचनखुणांत साठवला. शनिवारपर्यंत कुणी हलू नका.

पलटणकर
तोवर पुढची तयारी सांगून ठेवतो. नंबर आणि पलटण हाती आली की कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. अडचण स्पेलिंगची. साहेबाच्या कारकुनाने 'जाधव', 'पवार', 'शिंदे' जसे कानावर पडले तसे लिहिलेत, एकाच आडनावाची चार-पाच रूपं घालून बघावी लागतात. म्हणून नंबर महत्त्वाचा.

पलटण १०३, ११० किंवा ११७ निघाली आणि मृत्यूची तारीख २९ एप्रिल १९१६नंतरची असली, तर तो कैदेत गेला असं बऱ्यापैकी धरता येतं. शंभर टक्के नाही, कारण ह्याच पलटणींच्या नव्या भरतीचे लोक बाहेरून सोडवायला आलेल्या फौजेतही लढत होते. पण तुमच्या घरची 'धरला' ही बातमी जोडीला आहे.

कबर मिळेल अशी आशा ठेवू नका. ज्यांची कबर नाही त्यांच्यासाठी बसऱ्याला स्मारक आहे, चाळीस हजारांवर माणसांचं. १९९७मध्ये ते सगळं उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर लांब नेऊन बसवलं. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायांची नावं आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायाचं नाव भिंतीवर नाही. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, अमुक पलटण, इतके. अमाऱ्याला टायग्रिसच्या डाव्या काठावर फक्त हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे, सुमारे ५,००० माणसं, त्यांतल्या ओळख पटलेल्यांची संख्या नऊ. २०२१ साली कमिशनने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली.

म्हणजे तुमच्या चावडीवर आकडा, बसऱ्यालाही आकडाच.

खडूस
आता मला राग आलाय, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळत नाहीये.

कोयनाकाठ
ह्यावरून कारगिल आठवलं. कॅप्टन सौरभ कालिया, वय बावीस. १५ मे १९९९ला काकसर भागात गस्तीवर असताना पाच जवानांसह पकडले गेले, ९ जूनला मृतदेह परत मिळाले ते छळाच्या खुणांसकट. जिनिव्हा करार कागदावर १९४९पासून आहे. कालियांचं नाव निदान सगळ्या देशाला पाठ आहे. बरोबरचे पाच शिपाई कोण, हे न बघता सांगा बरं. अर्जुन राम, भंवरलाल बगारिया, भिका राम, मूला राम, नरेश सिंग. मलाही आत्ता शोधावं लागलं.

एक अनिवासी
मला दोन आठवली. लाज वाटली.

वळचण
शुक्रवारी रात्रीच गावी पोचलो. आधी चावडी.

दहा वाजता लाइट गेली, ते बरंच झालं. खडूस म्हणाले तसा टॉर्च आडवा धरला. दोन पोरं 'काका काय करताय' म्हणून आली, त्यांना दुसरा मोबाइल धरायला दिला. आधी नुसते पेंटाचे ओघळ दिसले. मग टॉर्च अगदी दगडाला टेकवून डावीकडे नेला तशी अक्षरं एकदम उठून उभी राहिली, जणू कुणी आतून ढकलली. आठ आहे. डावीकडे दोन्ही गोल बंद आहेत, पोरांनीही बोट फिरवून बघितलं.

फोटो टाकतोय. गावात सकाळी चार म्हाताऱ्यांना विचारलं, लढाईत गेलेल्या कुणाकुणाची घरं आठवतात? सगळ्यांची मिळून तीन घरं निघाली. आमचं धरून.

खडूस
फोटो उत्तम. आठच. दुसऱ्या ओळीत मराठीही वाचता येतंय, 'पैकी' आणि 'दिला' स्पष्ट आहे. पुढच्या वेळी उजवीकडूनही एक घ्या.

लिमलेट
आणि देवी?

पलटणकर
आज रविवार. तिसऱ्यांदा धागा उघडून बघतोय.

अक्षरमित्र
पाचव्यांदा.

वळचण
माफ करा, उशीर झाला. एक दिवस लिहावंसं वाटलं नाही.

शनिवारी सकाळी पूजा झाल्यावर आत्याला विचारून मेडल हातात घेतला. कुंकू पुसायचं म्हटल्यावर आत्या गप्प झाली. मग म्हणाली, पूस, पण पुसलेलं फेकू नको, वाटीत घे. कोमट पाणी आणि कापूस, बाकी काही लावलं नाही. कुंकवाचे थर निघत होते, वर लाल, मग विटकरी, अगदी आत जवळजवळ काळं. धाकली आजी जाऊन साठ वर्षं झाली, म्हणजे आतला थर तिच्या हातचा.

कडेवर अक्षरं होती. नंबर. मग शिपाई. मग नाव. मग १०३ मराठा लाइट इन्फन्ट्री.

नाव वाचलं आणि मला वाटलं काहीतरी घोटाळा आहे. कारण ते माझ्या आजोबांचं नाव होतं. आडनावाचं स्पेलिंग विचित्र, पण नाव सरळ सरळ आजोबांचं. आजोबा १९१९चे, शेती सोडून आयुष्यात काही केलं नाही, पलटणीशी त्यांचा संबंध नाही. (नाव इथे लिहीत नाही. माझ्या पूर्ण नावात ते येतं, आणि गावचे दोघं-तिघं इथे वाचतात. पलटणकरांना व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, केलाय.)

पलटणकर
व्यनि मिळाला, लगेच शोधलं. त्या नावाच्या १०३मध्येच तीन नोंदी आहेत, पण नंबर जुळणारी एक. मृत्यू नोव्हेंबर १९१६. स्मारक बसरा. म्हणजे शरणागतीनंतर सहा-सात महिने. उन्हाळ्यातली ती चाल त्याने पार केली होती, वळचण. रेल्वेच्या कामापर्यंत पोचला असावा. थंडी सुरू होताना गेला.

नोंदीचा दाखला उतरवून घेता येतो, तुम्हाला पाठवलाय. त्यात खाली एक ओळ आहे ती वाचा, 'अमुकीचा पती' असं लिहिलंय, त्यात बायको म्हणून कुणाचं नाव आहे बघा.

वळचण
वाचलं. धाकल्या आजीचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. आता दोन्ही आहेत.

दाखल्याचा प्रिंट घेऊन पुन्हा गावी गेलो. आत्याला नाव मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली हे तर दादांचं, माझ्या बापाचं. मी म्हटलं धाकल्याचंच आहे, पणजोबांनी भावाचं नाव मुलाला ठेवलं असणार. ती बराच वेळ प्रिंटच्या घड्या सरळ करत बसली. मग म्हणाली, "तरीच. सगळं गाव दादांना नावाने हाक मारायचं, आणि धाकली आजी तेवढी, दादा चाळिशीचे झाले तरी, 'बाळ' म्हणायची. आम्ही पोरी हसायचो तिला. नवऱ्याचं नाव कसं घेणार ती?"